बाबांच्या कॅन्सरची स्टेज नक्की कुठली? एका कागदावर १बी, दुसऱ्यावर २बी, आणि मेडिक्लेमच्या फॉर्मवर चक्क ४

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या, गेले दीडदोन महिने डोकं ठिकाणावर नाहीये. बाबा ६८ वर्षांचे, आधी वाईला एकटेच असायचे, दिवाळीनंतर त्यांना इकडे आमच्याकडे सिंहगड रोडला घेऊन आलो. उजव्या टाचेवर काळा डाग होता, किती वर्षांपासून ते त्यांनाही धड सांगता येत नाही, ते त्याला कुरूप म्हणायचे म्हणून आम्हीही कुरूपच म्हणायचो, मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावायचे, झालं. जूनमध्ये पालखी पुण्यात आली तेव्हा हडपसरपर्यंत चालणारच म्हणून हट्ट धरला, गेले, आणि घरी आले तेव्हा मोजा रक्ताने टाचेला चिकटलेला. कोमट पाण्यात पाय बुडवून मोजा सोडवला, तेव्हा पहिल्यांदा मी ती टाच नीट बघितली. रुपयाएवढा डाग, एका बाजूला काळाकुट्ट, दुसऱ्या बाजूला शाई पसरल्यासारखा, कडा कुठे संपते तेच कळेना.

स्किनवाल्या डॉक्टरांनी छोटा तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. रिपोर्ट मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर), ॲक्रल लेंटिजिनस (तळपाय, तळहात, नखाखाली होणारा प्रकार), ब्रेस्लो थिकनेस (ट्यूमरची जाडी) "किमान १.३ मिमी", अल्सरेशन दिसत नाही, खालच्या मार्जिनपर्यंत ट्यूमर आहे. त्यावरून पहिल्या कागदावर स्टेज १बी. मग मोठं ऑपरेशन झालं, जांघेतल्या दोन सेंटिनल गाठी (आजार पसरला तर सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या) पण काढल्या, त्या निगेटिव्ह आल्या. या रिपोर्टमध्ये थिकनेस २.६, अल्सरेशन आहे, क्लार्क लेव्हल ४. डिस्चार्ज कार्डावर स्टेज २बी. आणि मेडिक्लेमच्या फॉर्मवर कोणीतरी सरळ स्टेज ४ लिहून टाकलंय!! चुलतभाऊ एमआर आहे, त्याने लेव्हल ४ वाचलं आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं की काकांची चौथी स्टेज. वर त्याने १.३ आणि २.६ ची बेरीज करून ३.९ काढले आणि म्हणे नशीब, चारच्या आत आहे.

त्यात परवा फोन आला, कॅन्सर रजिस्ट्रीतून (कॅन्सर पेशंटची नोंद ठेवतात ते) बोलतोय, पत्ता आणि थोडी माहिती हवी. मी म्हटलं नंतर करा. तर प्रश्न असे की यातली खरी स्टेज कुठली, रजिस्ट्रीत काय जाणार, आणि अशा फोनवर माहिती द्यायची का?

दोन_ते_चार_बंद

आधी चुलतभावाला ग्रुपमधून काढा. मग बाकीचं बघू.

काचपट्टी

ताई, मी पॅथॉलॉजीत आहे, स्लाइड न बघता कुणाच्या केसवर शेवटचा शब्द बोलणार नाही, पण तुमचे कागद एकमेकांशी जेवढे भांडतायत असं वाटतंय तेवढे भांडत नाहीयेत.

क्लार्क लेव्हल आणि स्टेज यांचा संबंध नाही, हे आधी बाबांना सांगा. वॉलेस क्लार्क यांनी १९६९ मध्ये ट्यूमर त्वचेच्या कितव्या थरापर्यंत पोचलाय त्याचे पाच टप्पे केले. लेव्हल ४ म्हणजे रेटिक्युलर डर्मिस, त्वचेचा खालचा जाड भाग. लांब पसरलाय असा अर्थ त्यात कुठेच नाही. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी म्हटलं की थर कसले मोजता, सरळ जाडी मोजा, आणि ते इतकं चांगलं निघालं की आज सगळी टी कॅटेगरी, म्हणजे स्टेजमधला मूळ ट्यूमरचा भाग, त्याच्यावर उभी आहे. क्लार्क लेव्हल सध्याच्या एजेसीसी (स्टेजचे नियम ठरवणारी अमेरिकन समिती) आठव्या आवृत्तीच्या स्टेजिंगमध्ये धरतच नाहीत, पण जुन्या सवयीने अजून रिपोर्टमध्ये लिहिली जाते आणि असे घोटाळे होतात. स्टेज ४ म्हणजे फुप्फुस, लिव्हर, मेंदू किंवा लांबच्या त्वचेत, लांबच्या गाठींत गेलेला आजार. तुमच्याकडे तसलं काही लिहिलेलं नाही.

आता १बी आणि २बी. पहिला तुकडा लहान होता, खालची कडा ट्यूमरमधूनच कापली गेली होती, म्हणून तर "किमान" लिहिलंय. विहिरीत पाच फुटी काठी घातली, तळ लागला नाही, तर विहीर किमान पाच फूट एवढंच म्हणता येतं ना, तसंच. १ च्या वर २ पर्यंत मिमी, अल्सरेशन नाही म्हणजे टी२ए, गाठी नाहीत, स्टेज १बी. त्या दिवशीच्या माहितीवर ते बरोबरच होतं. मग पूर्ण ट्यूमर हातात आला, २.६ म्हणजे २ च्या वर ४ पर्यंत, टी३, अल्सरेशन आहे म्हणून टी३बी, गाठी निगेटिव्ह, म्हणून २बी. आजार वाढला असं नाही, मोजमाप पूर्ण झालं. आणि बेरीज करत नाहीत हो, दोन्हीतला जास्त आकडा घेतात. दोन वेगळ्या जागी काढलेल्या दोन उंच्या आहेत त्या, एकावर एक रचलेल्या विटा नव्हेत.

मला खटकतंय ते दुसरंच. पहिल्यात अल्सरेशन नाही, दुसऱ्यात आहे. मधल्या काळात त्या टाचेला काही केलं होतं का? घासणं, कापणं, काही लावणं?

सिंहगडरोडकर

डॉक्टर खूप खूप धन्यवाद, विहिरीचं उदाहरण बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले हा माणूस गावाकडचा आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लाजिरवाणं आहे. आत्ता खोदून खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं की दाढीच्या ब्लेडने ते कुरूप खरवडायचे. गेली कित्येक वर्षं. बायोप्सीनंतर ऑपरेशनच्या तारखेपर्यंत तीन आठवडे होते, त्यातही एकदा "जरा मऊ करावं" म्हणून खरवडलं. आम्हाला पत्ताच नाही. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. याने फरक पडतो का?

काचपट्टी

पडतो, आणि बराच पडतो, म्हणूनच विचारलं.

अल्सरेशन म्हणजे नुसती जखम नाही. ट्यूमरवरची वरची त्वचा पूर्ण जाडीची नाहीशी झालेली पाहिजे आणि तिथे शरीराची प्रतिक्रिया दिसली पाहिजे, फायब्रिन, न्यूट्रोफिल वगैरे, आणि ते मार लागल्यामुळे किंवा आधीच्या प्रोसिजरमुळे झालेलं नको. बायोप्सीची जागा, ब्लेडची खरवड हे अल्सरेशन म्हणून मोजायचं नसतं. आता स्लाइडखाली बघणाऱ्याला ब्लेड कसं दिसणार? फॉर्मवर हिस्टरीच्या रकान्यात "टाचेवरचा काळा डाग" एवढंच आलेलं असतं, बऱ्याचदा तेही नसतं.

हे जर खरवडल्यामुळे असेल तर टी३ए, म्हणजे २ए. खरं असेल तर २बी. एका अक्षराचा फरक, पण २बी आणि २सी मध्ये ऑपरेशननंतर इम्युनोथेरपी द्यायची का ही चर्चा होते, पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत त्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. २ए ला ती मान्यता नाही. औषधाचा खर्च आणि साइड इफेक्ट दोन्ही मोठे आहेत, तेव्हा तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना ब्लेडची गोष्ट उद्याच्या उद्या सांगा आणि ब्लॉक व स्लाइड मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून बघून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणाची ती छोटी वडी, ती मागता येते, त्यात कुणाचा अपमान होत नाही. बायोप्सीच्या स्लाइड पण बरोबर द्या, दोन्ही शेजारी ठेवूनच कळेल.

दोन_ते_चार_बंद

ब्लेड जप्त करा. माझे आजोबा त्याच ब्लेडने पेन्सिलला टोक करायचे, पिढीच तशी.

जुना_नोंदणीवाला

ताई, फोनचं मी सांगतो. बरीच वर्षं कॅन्सर रजिस्ट्रीत फील्डवर काम केलंय, आता रिटायर. पुण्याची रजिस्ट्री १९७३ ची आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीची, मुंबईची त्याआधीची, १९६३ ची. आयसीएमआरचा राष्ट्रीय कार्यक्रम ८१-८२ मध्ये सुरू झाला. म्हणजे फोन येणं यात नवल काही नाही, आपल्याकडे रजिस्ट्रीचा माणूस स्वतः हॉस्पिटलात, लॅबमध्ये, महापालिकेच्या मृत्यूनोंदीच्या कार्यालयात जाऊन माहिती गोळा करतो, ती आपोआप चालत येत नाही. पण फोनवर खात्री नसेल तर देऊ नका, ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथल्या मेडिकल रेकॉर्डमध्ये विचारा की अशी रजिस्ट्री तुमच्याकडे येते का, मग उलट फोन करा. रजिस्ट्रीवाला ओटीपी आणि बँकेचं काही विचारत नाही, विचारलं तर फोन आपटा.

आता रजिस्ट्रीत काय जाणार. तुम्हाला वाटतंय २ए की २बी हे तिथे मोठ्या अक्षरात जाईल. तसं नाही. आमच्या फॉर्मवर आजार जागच्या जागी, आजूबाजूला, लांब किंवा माहीत नाही, असा पसारा नोंदवतात. बाबांचं जागच्या जागी, संपलं. टीएनएम (ट्यूमर, गाठी, लांबचा प्रसार) लिहिलं असेल तर तेही घेतो, पण लिहिलेलं पाहिजे ना! मी अशा फायली बघितल्यात की आत बिलं, चहाचे डाग, एमआरआयची सीडी, सगळं आहे, आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नातेवाईक दुसरं ओपिनियन घ्यायला घेऊन गेलेत ते गेलेत. मग आमच्या हातात डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ, "मॅलिग्नंट मेलानोमा फूट". त्यावरून ॲक्रल लेंटिजिनसचा कोड ८७४४ देता येत नाही, मोघम ८७२० द्यावा लागतो. उद्या कोणी आकडे काढून म्हणेल की पुण्यात ॲक्रल कमी आहे. कमी कसला, कागदावर आला नाही.

अजून एक गंमत. हॉस्पिटलच्या संगणकात आयसीडी-१० ही आजारांची कोडयादी चालते, त्यात त्वचेचा मेलानोमा सी४३ आणि त्वचेचे बाकीचे कॅन्सर सी४४. आमच्याकडे आयसीडी-ओ, कॅन्सरसाठीची वेगळी यादी, त्यात जागा म्हणून त्वचा सी४४ च, आणि मेलानोमा आहे हे वेगळ्या कोडने सांगायचं. नवीन पोरगं आलं की हमखास इथे गोंधळतं, हॉस्पिटलचा सी४४ बघून मेलानोमा समजतं नाहीतर उलटं.

आणि नावं! माहेरचं नाव, सासरचं नाव, एका ठिकाणी सौ., एका ठिकाणी नुसती आद्याक्षरं, वय एकीकडे ६० एकीकडे ६५. एकच बाई तीन हॉस्पिटलांत तीन पेशंट. संध्याकाळी ऑफिसात सगळी यादी घेऊन बसायचं, नवऱ्याचं नाव, पेठ, शरीराचा भाग जुळवायचा आणि तीनाची एक करायची. मृत्यूनोंदीत तर कारण काय, हृदय व श्वसनक्रिया बंद पडली. अरे ती सगळ्यांचीच पडते!

सरासरी_वाला

जुना_नोंदणीवाला काकांबद्दल आदर आहे, पण यातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो, असल्या डेटावर स्टेजनुसार सर्व्हायवल काढून पेपर लिहिणं म्हणजे धाडस आहे. मी स्टॅटिस्टिक्सवाला, हॉस्पिटलच्या डेटावर काम करतो. स्टेज माहीत नाही असा गठ्ठा निघतो, लोक काय करतात, तो गठ्ठा बाजूला टाकतात आणि उरलेल्यांवर गणित करतात. पण स्टेज कोणाची माहीत नसते? जो इतका उशिरा आला की तपासण्या करण्यात अर्थच उरला नव्हता त्याची, आणि दुसऱ्या टोकाला ज्याचा डाग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात काढून टोपलीत टाकला त्याची. पहिला आजारी, दुसरा ठणठणीत, दोघं एकाच रकान्यात.

मायक्रोस्कोपने खात्री झालेल्या केसेसचं प्रमाण जास्त असलं की लोक खूश होतात, क्वालिटी चांगली म्हणून. ते १०० च्या जवळ गेलं की मला शंका येते, कारण मग रजिस्ट्री फक्त लॅबमधूनच नावं उचलतेय आणि ज्यांची बायोप्सीच झाली नाही ते सुटतायत असंही असू शकतं. शिवाय आपल्याकडे मेलानोमा मुळात लाखात एकाहून कमी. एवढ्या थोड्या केसेसमध्ये पाचपन्नास कागद इकडचे तिकडे झाले तर सगळा ट्रेंड हलतो.

आणि स्टेजची व्याख्याच बदलत राहते. सातव्या आवृत्तीत पातळ मेलानोमात मायटोसिस (पेशींचं विभाजन) मोजून टी१बी ठरवायचे, आठवीत (१ जानेवारी २०१८ पासून लागू) ते काढलं आणि ०.८ मिमीची रेघ आणली, शिवाय जाडी दशांशाच्या एकाच घरापर्यंत लिहायची, म्हणजे १.०४ आता १.० धरायचं. एकच माणूस, एकच काचपट्टी, २०१७ मध्ये एक उपगट आणि २०१८ मध्ये दुसरा.

पर्वतीपायथा

प्रश्न साधा आहे, स्टेज बदलल्याने पेशंट बरे व्हायला लागतात का? कारण माझ्या मावशीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते आता तिसऱ्या स्टेजचे निकाल पूर्वीपेक्षा चांगले आहेत.

सरासरी_वाला

औषधं खरंच सुधारलीत, ते नाकारत नाही. पण त्यात एक गणिती जादूही असते. शाळेत अ तुकडी हुशार, ब तुकडी ढ, आठवतंय? आता अ तुकडीतला शेवटून पहिला मुलगा उचलून ब मध्ये बसवा. अ ची सरासरी वाढली कारण ढ गेला, ब ची पण वाढली कारण तिथे तो सगळ्यांपेक्षा हुशार. एकही पोरगं एक मार्क जास्त शिकलेलं नाही आणि दोन्ही वर्गशिक्षक पेढे वाटतायत. मेलानोमात सेंटिनल नोड काढायला लागल्यावर हेच होतं. पूर्वी हाताला गाठ लागली नाही की स्टेज २, आता तीच गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पॉझिटिव्ह आली की स्टेज ३. जुन्या दोनातले सगळ्यात वाईट तिनात गेले, तिथे ते सगळ्यात बरे ठरले. फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरवर हे दाखवलं, त्याला विल रॉजर्स या अमेरिकन विनोदवीराचं नाव आहे. मावशींचे डॉक्टर चूक होते असं अजिबात नाही, पण त्यातलं किती औषधाचं आणि किती तुकडी बदलल्याचं हे नुसत्या स्टेजच्या अक्षरावरून कळत नाही.

जुना_नोंदणीवाला

सरासरीवाले, म्हणूनच आम्ही ओरडायचो की बाबांनो स्टेज लिहा न लिहा, जाडी लिहा, अल्सरेशन लिहा, किती गाठी काढल्या आणि किती पॉझिटिव्ह ते लिहा. कच्चा माल असला की दहा वर्षांनी आवृत्ती बदलली तरी पुन्हा शिजवता येतो. शिजवलेली आमटी परत डाळ होत नाही.

आणि धाडस धाडस काय म्हणता, परदेशात तरी काय मोठं वेगळं आहे.

सरासरी_वाला

हे मात्र मान्य. अमेरिकेच्या जुन्या पद्धतीत जाडी मिमीच्या शंभराव्या भागात तीन आकड्यांत लिहायची, ०.७४ मिमी म्हणजे ०७४, ७.४ मिमी म्हणजे ७४०. एक शून्य इकडचं तिकडे झालं की पातळ मेलानोमा थेट टी४. आता तिथे दशांश चिन्हासकट लिहितात आणि "किमान" साठी वेगळा कोड आहे, ताईंच्या पहिल्या रिपोर्टसारख्यांसाठी. म्हणजे तो एक शब्द हरवू नये म्हणून कोणीतरी भांडलं असणार. पण काका, आपल्याकडे मोघम कोडवर लोक निष्कर्ष काढतात त्याचं काय?

जुना_नोंदणीवाला

निष्कर्ष काढणाऱ्याला विचारा. मी टेबल द्यायचो, त्याच्या खाली "माहीत नाही" किती तेही द्यायचो. ती ओळ कुणी वाचत नाही त्याला मी काय करू. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण रजिस्ट्री चालते, तिथली माणसं गावोगाव फिरून लोकांना लक्षणं समजावतात आणि केसेस पण शोधतात. एकदा त्यांच्याबरोबर उन्हात फिरा, मग "असला डेटा" म्हणा.

काचपट्टी

दोघेही बरोबर आहात, आणि दोष थोडा आमच्याकडे पण येतो. मी शिकत होतो तेव्हा रिपोर्ट म्हणजे निबंध असायचा, "सूक्ष्मदर्शीय तपासणीत असे आढळते की" करत पानभर, आणि शेवटी जाडी लिहायचीच राहायची. आता आम्ही ठरलेल्या रकान्यांचा रिपोर्ट देतो, जाडी, अल्सरेशन, मायक्रोसॅटेलाइट (मूळ ट्यूमरजवळचे सूक्ष्म ठिपके), मार्जिन, रिकामा रकाना सोडला की सिस्टिम पुढेच जाऊ देत नाही. टाचेचं आणि नखाखालचं तर आमच्यापर्यंत येतंच उशिरा, कारण लोक उन्हाशी जोडतात, आणि टाचेला ऊन कुठलं. ताई, स्लाइडचं काय झालं ते कळवा.

सिंहगडरोडकर

कळवते म्हटलं होतं, जरा उशीर झाला, सॉरी. इतकी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं, बाबांना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला, आमटीवर ते फार खूश आहेत.

ब्लॉक आणि दोन्ही स्लाइड दुसरीकडे दाखवल्या, बरोबर कागदावर मी ब्लेडची पूर्ण हकीकत लिहून दिली, तारखांसकट. त्यांनी लिहिलंय की बायोप्सीच्या जागेची भरत आलेली जखम एका बाजूला वेगळी दिसते, वरवरची खरवड वेगळी दिसते, पण ट्यूमरच्या मधोमध वरची त्वचा पूर्ण गेलेली आहे आणि तिथे फायब्रिन वगैरे आहे, ते खरं अल्सरेशन. पहिला तुकडा कडेचा होता म्हणून त्यात दिसलं नाही. जाडी त्यांनी २.५ दिली. म्हणजे टी३बी, २बीच. ऑन्कॉलॉजिस्टनी इम्युनोथेरपीचं सगळं समजावलं, ॲक्रलमध्ये फायदा कमी दिसतो हेही स्पष्ट सांगितलं, आम्ही अजून ठरवतोय. मेडिक्लेमच्या फॉर्मवरची ४ खोडून घ्यायला मात्र तीन चकरा झाल्या.

काका, मेडिकल रेकॉर्डमध्ये विचारलं, रजिस्ट्रीचा फोन खरा होता. मी उलट फोन केला, बाईंनी छान विचारलं, जाडी अल्सरेशन सगळं रिपोर्ट हातात धरून सांगितलं. शेवटी विचारलं इथे किती दिवस राहतात, मी म्हटलं दिवाळीनंतर आले. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या बरं. ते बरं कसलं होतं?

जुना_नोंदणीवाला

अरेरे. निदान जुलैचं ना? मग पुण्यात वर्ष झालं नव्हतं. शहराच्या रजिस्ट्रीत किमान एक वर्ष इथला रहिवासी असलेलाच धरतात, नाहीतर साताऱ्या-सोलापुराहून पुतण्याच्या पत्त्यावर उपचाराला आलेले सगळे पुणेकर होतील आणि पुण्यात कॅन्सरचा पूर आलाय असं दिसेल. हॉस्पिटलची स्वतःची रजिस्ट्री असेल तर तिथे बाबा राहतील, पुण्याच्या आकड्यात नाही. तुम्ही पत्ता खरा सांगितलात, बहुतेक लोक सांगत नाहीत.

सिंहगडरोडकर

बाबांना सांगितलं. म्हणाले, एवढी टाच कापून दिली आणि पुण्याने मोजलं पण नाही होय! मग म्हणाले वाईचं रेशनकार्ड अजून चालू आहे, त्या बाईंना परत फोन लाव आणि सांग.